पुढचे शॉकअप फार दबतात, 20डब्ल्यू तेल घालू का?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे टूरिंग गाडी आहे. पुढे साधे टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे शॉकअप), 41 मिमीचे पाइप, वर अ‍ॅडजस्टर वगैरे काही नाही. गाडी सेकंडहँड घेतली. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, चेन हे सगळं वेळच्या वेळी करतो. पुढच्या शॉकअपमधल्या तेलाला मात्र मी आजवर हात लावलेला नाही, आणि आधीच्या मालकाने लावला असेल असंही वाटत नाही. गाडी साठ हजारांच्या पुढे गेली आहे.

त्रास असा आहे. ब्रेक दाबला की नाक भसकन खाली जातं. दोन्ही पेट्या भरलेल्या आणि मागे बायको बसलेली असली की लांब वळणावर पुढचं चाक हेलकावे खातं. पुढच्या टायरवर लाटा उमटायला लागल्यात, हात फिरवला की लागतात. शिवाय उजव्या पाइपवर प्रत्येक मोठ्या फेरीनंतर तेलकट कडं दिसतं.

एक मित्र म्हणतो, मॅन्युअलमध्ये 10डब्ल्यू (तेलाच्या घट्टपणाचा आकडा, मोठा म्हणजे जाड) लिहिलं असलं तरी सामान आणि दोन माणसं असतात, तेव्हा सरळ 20डब्ल्यू घाल, नाक खाली जायचं बंद होईल. मॅन्युअलमध्ये दोन आकडे आहेत: 480 मिली आणि 130 मिमी. यातला धरायचा कुठला? टॉर्क पाना आहे, डबल स्टँड आहे, रविवार मोकळा आहे. घरी जमेल का?

चाकधर

जमेल, फार अवघड नाही. माझ्या जुन्या गाडीला फोर्कच्या तळाशी ड्रेन स्क्रू होता. तो काढायचा, ब्रेक धरून हँडल वरखाली दाबायचं, तेल निघून जातं. मग वरची टोपी उघडून मापाने नवीन ओतायचं. चाकही काढावं लागत नाही. मी 10 ऐवजी 15डब्ल्यू घातलं आणि फरक लगेच जाणवला. 20 जरा जास्त वाटतं, पण 15 घालून बघायला हरकत नाही.

दाबमापक

लांबपल्ला, 20डब्ल्यू घालू नका. 15 सुद्धा आत्ता नको. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याचं कारण नीट सांगायलाच हवं, म्हणून जरा लांबड लावतो.

मी हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत काम करतो. दिवसभर तेल, सील आणि दाब यांच्यातच असतो. फोर्क हे तेच यंत्र आहे, फक्त लहान. तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आर12 वर आणला. तुमच्या गाडीवरच्या फोर्कची मूळ कल्पना अजून तीच आहे. आत तीन गोष्टी आपापलं काम करतात. स्प्रिंग वजन पेलते. तेल हालचालीचा वेग आवरतं. आणि तेलाच्या वर नळीत कोंडलेली हवा ही दुसरी स्प्रिंग असते, फोर्क जितका दबेल तितकी कडक होत जाणारी.

आता ब्रेकचं बघा. ब्रेक दाबला, वजन पुढे आलं. नाक किती खाली जाणार हे स्प्रिंग आणि हवा ठरवतात. किती पटकन जाणार हे तेल ठरवतं. जाड तेल घातलं तर नाक तेवढंच खाली जाईल, जरा सावकाश. छोट्या छोट्या ब्रेकला गाडी घट्ट झाल्यासारखी वाटते, म्हणून माणूस खूश होतो. उतारावर ब्रेक धरून ठेवा, गाडी जुन्याच जागी जाऊन टेकेल.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. तुमच्या फोर्कमध्ये बहुधा डॅम्पर रॉड आहे, म्हणजे एक पोकळ दांडा आणि त्याला ठराविक मापाची छिद्रं. छिद्रातून तेल ढकलायला लागणारा जोर वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. ब्रेकला फोर्क सावकाश दबतो, पण भर वेगात खड्ड्याची कड लागली की तो क्षणात दबायला बघतो. तिथे तेलाला वाटच पुरत नाही. मूळच्या 10डब्ल्यूला सुद्धा ती जेमतेम पुरते. 20डब्ल्यू घातलंत तर फोर्क त्या क्षणी जवळजवळ अडकतो आणि तो दणका थेट मनगटात येतो. परतताना आणखी वाईट. जाड तेलामुळे फोर्क सावकाश उघडतो. रस्त्यावर ओळीने गचके असले तर पहिल्यातून पूर्ण वर यायच्या आत दुसरा लागतो, मग तिसरा. फोर्क दरवेळी थोडा आणखी खाली बसत जातो आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप फार कडक झाले. खरं तर ते खाली बसलेले असतात.

मग तुमची गाडी आत्ता भसकन का जाते? कारण आत जे आहे त्याला तेल म्हणणं अवघड आहे. साठ हजार किलोमीटर ते तेल छिद्रांतून ढकललं गेलंय, त्यात त्याचा घट्टपणा मोडतो. बुशांचा (पाइप ज्यांवर सरकतो त्या कड्यांचा) लेप आणि नळीच्या अ‍ॅल्युमिनियमचा बारीक कीस त्यात मिसळतो. सीलवाटे ओल शिरते. काढाल तेव्हा राखाडी, चमकीचं पाणी बाहेर येईल आणि वास असा येईल की खिडक्या उघडाल. त्यावर उजवीकडून गळतंय, म्हणजे त्या पायात (फोर्कच्या त्या बाजूच्या नळीत) पातळी उतरली आहे, हवेची जागा वाढली आहे. शेवटच्या टप्प्यात जी हवा आधार देते ती देत नाही. नुसतं मॅन्युअलमधलं तेल योग्य पातळीला भरलंत तरी गाडी ओळखू येणार नाही.

डब्ल्यूच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. इंजिन ऑइलच्या डब्ल्यूला ठरलेलं प्रमाण आहे, फोर्क ऑइलच्या डब्यावरच्या डब्ल्यूला कुणी बांधील नाही. एका कंपनीचं 10 दुसऱ्या कंपनीच्या 5 च्या जवळ बसू शकतं. डब्याच्या मागे किंवा माहितीपत्रकात 40 अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक) ते छापलेलं असतं, तो आकडा खरा. आमच्याकडे प्रेसला लागणारं व्हीजी 32 म्हणजे 40 अंशांना 32 सेंटिस्टोक, दहा टक्के इकडेतिकडे, ते कुठल्याही कंपनीचं घ्या. फोर्क ऑइलमध्ये ती शिस्त नाही. तेव्हा दोन्ही पायांना एकाच कंपनीचं, एकाच आकड्याचं घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी जाड किंवा पातळ करायचं तर कुठून निघालो ते ठाऊक असेल.

आता 480 मिली की 130 मिमी. 130 मिमी, म्हणजे पाइपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर. मिली हा आकडा पूर्ण खोललेल्या, पुसून कोरड्या केलेल्या फोर्कसाठी असतो. तुम्ही नुसतं उलटं करून तेल काढलंत तर भिंतींना, डॅम्परच्या आत थोडं राहतंच. त्यावर 480 ओतलं की जास्त होतं. तुमच्या पाइपचा आतला व्यास 37 मिमी धरला तर 10 मिमी पातळी म्हणजे जवळपास 11 मिली. आत 30 मिली राहिलं असेल तर पातळी 27–28 मिमीने चढली. हवेची जागा तेवढी कमी झाली की शेवटचा टप्पा दगडासारखा होतो, आणि फारच जास्त भरलं तर फोर्क दबताना तेलच आडवं येतं आणि सील बाहेर फेकलं जातं. चाकधर, ड्रेन स्क्रूबद्दल माझी तक्रार हीच आहे. तळाचा गाळ तिथेच राहतो आणि आत किती उरलंय ते कळत नाही. घाईत, मध्येच कधी करायला ठीक. साठ हजारांनंतर पाय खाली उतरवूनच करावं.

काम असं होतं. डबल स्टँडवर लावल्यावर गाडी पुढच्या चाकावर टेकलेली असते, चाक काढलं की नाक खाली येणार. इंजिनखाली भक्कम आधार द्या, आणि गाडी दोन्ही बाजूंनी हलवून बघितल्याशिवाय पाना उचलू नका. पाइप वरच्या क्लँपच्या (पाइप धरणाऱ्या पकडीच्या) वर किती आलाय ते मिमीमध्ये लिहा. मग सगळ्यात आधी वरच्या क्लँपचा बोल्ट सैल करा आणि लगेच टोपी अर्धा आटा सैल करून घ्या, पाय अजून खालच्या क्लँपमध्ये घट्ट असतानाच. हे राहिलं आणि पाय काढून बाकावर घेतला की टोपी सोडवायला तिसरा हात लागतो. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगा, नळीवर लोंबकळत ठेवू नका, आणि चाक बाहेर असताना ब्रेकच्या लिव्हरला कुणाचा हात लागू देऊ नका.

पाय बाहेर आला की टोपी उघडा. शेवटच्या दोन आट्यांना तळहाताने वरून दाबून धरा, तोंड बाजूला, चष्मा डोळ्यांवर. स्प्रिंग टोपीला ढकलत असते. स्पेसर (स्प्रिंगवरचा नळीचा तुकडा), वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा. स्प्रिंगच्या एका टोकाला वेटोळे जवळ असतील तर ते टोक वर होतं की खाली, फोटो काढून ठेवा. मग पाय उलटा करून सावकाश वरखाली करा, तेल येणं थांबलं की उलटाच टेकवून अर्धा तास विसरा. थोडं स्वस्त फोर्क ऑइल घालून एकदा धुऊन काढलंत तर उत्तम. रॉकेल किंवा पेट्रोल घालू नका. डॅम्परमध्ये जे राहील ते नवीन तेल पातळ करणार.

नवीन तेल घाला, थोडं जास्तच. पाय उभा धरून आतला पाइप सावकाश वरखाली करा. सुरुवातीला हात मोकळा पडतो, मध्येच गुळगुळ आवाज येतो, मग दोन्ही दिशांना सारखा विरोध लागायला लागतो. तसं झालं की हवा निघाली. दहा मिनिटं बुडबुडे वर येऊ द्या. पाइप पूर्ण खाली दाबलेला, स्प्रिंग बाहेर, पाय ओळंब्यात उभा. अशा स्थितीत पाइपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंत 130 मिमी. स्प्रिंग आत ठेवून मोजलं तर स्प्रिंगच्या लोखंडाने तेल वर ढकललेलं असतं, तो आकडा निरुपयोगी.

बाकीचं तुमच्या मॅन्युअलप्रमाणे.

लांबपल्ला

दाबमापक, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. काही शंका उरल्यात.

130 मिमी मोजायचं कसं? आत अंधार, पट्टी घातली की भिंतीला लागून तेल वर चढतं. टोपी परत बसवताना स्प्रिंग दाबून आटे कसे धरायचे? एकट्याला जमतं का? तिसरं, कुणी म्हणतं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घाल, तेच असतं. आणि उजव्या पाइपची गळती: तेल बदलताना सील बदलायलाच हवं का?

दाबमापक

मोजू नका, जास्तीचं ओढून घ्या. मोठी सिरिंज घ्या, तिला बारीक कडक नळी लावा. नळीच्या टोकापासून 130 मिमीवर एक पट्टी आडवी बांधा, ती पाइपच्या कडेवर टेकली की नळीचं टोक बरोबर 130 मिमी खाली असतं. सिरिंज ओढत राहा. आधी तेल येईल, मग फुसफुस करत हवा यायला लागेल. तिथे पातळी लागली. दोन्ही पायांना तीच सिरिंज, तीच खूण. आकड्यात एकदोन मिमीची चूक असली तरी दोन्हीकडे सारखी असेल, आणि सारखेपणाला जास्त किंमत आहे.

टोपी: पाना टोपीवर ठेवून वरून शरीराचं वजन द्या, टोपी स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताने पाइपच फिरवा. आधी उलट दिशेने. आटे एकमेकांवरून घसरत येतात आणि एका जागी टोपी किंचित खाली पडते, ‘कट्’ असं बोटांना कळतं. तिथून सुलट फिरवा. आटे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, तिरके गेले तर टोपी फुकट जाईल. दोन आटे बोटांनी सहज गेल्याशिवाय पान्याचा जोर लावू नका. स्प्रिंग कडक असेल तर पाइप धरायला माणूस घ्या. शेवटचा टॉर्क पाय खालच्या क्लँपमध्ये बसवल्यावर द्या. अशा टोप्यांना तो बहुधा 20–25 न्यूटन-मीटरच्या आसपासच असतो, हाताला वाटतो त्यापेक्षा कमी.

एटीएफ: सत्तरच्या दशकातल्या होंडाच्या मॅन्युअलांमध्ये फोर्कसाठी एटीएफच लिहिलेलं असे, तिथून ही गोष्ट चालत आली आहे. ज्या गाडीच्या पुस्तकात ते लिहिलंय तिथे खुशाल घाला. तुमच्यात 10डब्ल्यू फोर्क ऑइल लिहिलंय, तेच घ्या.

सील: पाय बाकावर आलेलाच आहे, पण आधी गळती खरी आहे का बघा. डस्ट सील पातळ स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून वर सरकवा. खाली चिखल, वाळू असेल तर बहुतेकदा सीलच्या ओठात एखादा कण अडकलेला असतो. प्लॅस्टिकच्या बाटलीची पातळ पट्टी कापून, तिला आकड्यासारखी खाच देऊन, सीलच्या आत सरकवून गोल फिरवली की कण बाहेर येतो. पुष्कळदा एवढ्यावर गळती थांबते. पण साठ हजारांचं सील असेल तर मी बदलूनच टाकेन, आणि दोन्ही बाजूंचं. त्यासाठी तळाचा बोल्ट सोडवावा लागतो. तो सोडताना आतला डॅम्पर रॉड सोबत फिरतो आणि बोल्ट निघतच नाही, म्हणून स्प्रिंग आणि टोपी आत असतानाच, फोर्क दाबून धरून, तो आधी सैल करा. त्याखालचं तांब्याचं वॉशर नवीन घाला.

नवीन सील घालायच्या आधी पाइपवर नख फिरवा. दगड लागून क्रोमला खड्डा पडलेला असेल तर नख अडकेल. त्या खड्ड्याची धार नवीन सीलही कापेल. धार बारीक पॉलिश पेपरने आधी मारा. आणि गळणारं तेल डिस्कपर्यंत गेलंय का ते न विसरता बघा. पॅडनी तेल प्यायलं असेल तर पॅड बदला. धुऊन ते परत येत नाहीत.

एक महत्त्वाचं. वळणावरचे हेलकावे सगळे तेलाच्या माथी मारू नका. पेट्या आणि मागचं माणूस हे वजन मागच्या चाकावर पडतं. मागचा भाग बसतो, नाक वर होतं, पुढचं चाक हलकं होतं. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) सामानाप्रमाणे वाढवलाय का? दोन्ही टायरची हवा? आणि चाक काढलेलंच आहे तर रिकामं हँडल बोटाने डावीउजवीकडे फिरवून बघा. बरोबर मध्यावर दाता लागल्यासारखं अडत असेल तर स्टेअरिंगच्या बेअरिंगला खाच पडली आहे. कुठलंही तेल त्यावर उपाय नाही.

मागची_सीट

ज्यांच्या फोर्कमध्ये कार्ट्रिज (डॅम्परचं बंद युनिट) आहे त्यांच्यासाठी भर घालतो, कारण वरचं वाचून कुणी तसाच उघडायला जाईल.

टोपीवर रीबाउंडचा (फोर्क उघडण्याचा वेग ठरवणारा) स्क्रू असेल तर आत कार्ट्रिज आहे. तिथे टोपी मोकळी निघत नाही, ती डॅम्परच्या दांड्याला आटे आणि लॉकनटने जोडलेली असते. स्पेसर खाली दाबून, नटखाली खाच असलेली पट्टी सरकवून, मग दोन पान्यांनी ती सुटते. दोन माणसं लागतातच. उघडायच्या आधी अ‍ॅडजस्टर किती क्लिकवर आहे ते मोजून लिहा, मग पूर्ण सैल करा. हवा काढताना नुसता पाइप हलवून भागत नाही, दांडा वरखाली ओढत राहायचा, संपूर्ण स्ट्रोकभर सारखा विरोध लागेपर्यंत. मध्येच मोकळा पडला तर आत अजून हवा आहे.

आणि दोन पाय सारखे असतीलच असं धरू नका. शोवा कंपनीच्या काही फोर्कमध्ये एका पायात डॅम्पिंग (हालचाल आवरण्याचं काम) आणि दुसऱ्यात प्रीलोडचं काम असतं, दोन्हीकडची पातळी वेगळी असू शकते. माझ्या मित्राकडे टेलिलीव्हरवाली बीएमडब्ल्यू आहे. तिच्या पुढच्या नळ्यांतलं तेल फक्त वंगणासाठी, डॅम्पिंग मधल्या शॉकमध्ये होतं. तो किती दिवस जाड तेलाचा विचार करत होता! 2018 पासूनच्या गोल्डविंगला तर पुढे टेलिस्कोपिक फोर्कच नाही, विशबोन (त्रिकोणी आडवे दांडे) आहेत. आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखा.

दाबमापक

मागची_सीट यांचा मुद्दा मोलाचा. सारखेपणाबद्दल मी लिहिलं ते दोन्ही पाय एकसारखे असणाऱ्या फोर्कसाठी, लांबपल्लांची गाडी त्यातलीच दिसते. चाक परत लावतानाचं एक राहिलं होतं. अ‍ॅक्सल घट्ट केल्यावर, पण अ‍ॅक्सलचा क्लँप बोल्ट आवळायच्या आधी, गाडी खाली उतरवून कॅलिपर बसवा, लिव्हर कडक होईपर्यंत मारा, मग पुढचा ब्रेक धरून फोर्क चारपाच वेळा जोरात दाबा. दोन्ही पाय अ‍ॅक्सलवर आपापली जागा घेतात. त्यानंतर क्लँप. हे टाळलं तर पाय किंचित तिरके राहतात, बुश घासतात आणि नवीन तेल घालूनही फोर्क अडखळत चालतो.

लांबपल्ला

काम झालं. एका दिवसात नाही झालं, तळाच्या बोल्टने वेळ खाल्ला, पण स्प्रिंग दाबून धरल्यावर निघाला.

डाव्या पायातून सव्वाचारशे मिली निघालं, उजव्यातून साडेतीनशेसुद्धा नाही. रंग शिशासारखा, आणि वासाबद्दल तुम्ही सौम्य लिहिलं होतंत. तळाला बोटावर घेतलेल्या गाळात चकाकी दिसत होती. उजव्या पाइपला खालच्या बाजूला नख अडकलं, खडबड काढली. दोन्ही सील, डस्ट सील, तांब्याची वॉशर नवीन. 10डब्ल्यू, सिरिंजने 130 मिमी. बेअरिंग ठीक निघालं. मागचा प्रीलोड मात्र सगळ्यात सैल खाचेवर होता, दोन माणसं आणि पेट्या असताना! तो वाढवला.

गाडी वेगळीच वाटते. हेलकावे गेले. खड्ड्यावरून पूर्वी जो ठोका यायचा तो आता मऊ येतो, याची अपेक्षा नव्हती. नाक अजून खाली जातं, पण एका ठिकाणी जाऊन थांबतं. पाइपला प्लॅस्टिकचा टाय बांधून बघितलं. पूर्ण सामानासह जोराचा ब्रेक मारल्यावर 18 मिमी शिल्लक राहतात. फोर्कचा प्रवास 130 मिमी. मी बसल्यावर मात्र फोर्क 48 मिमी खाली बसतोय. पातळी 120 करू का?

दाबमापक

डावं-उजवं एवढा फरक म्हणजे उजवा पाय बराच काळ अर्ध्या कामावर होता. बरं झालं उघडलंत.

पातळी आहे तिथेच ठेवा. पूर्ण सामानासह, जोराच्या ब्रेकला 18 मिमी उरतात हे चांगलं आहे. ब्रेक धरलेला असताना मध्येच खड्डा आला तर तेवढी जागा लागतेच. पातळी 120 केलीत तर शेवटचा टप्पा आणखी कडक होईल आणि तुमचं खरं दुखणं तसंच राहील, कारण हवेचा परिणाम सुरुवातीला नगण्य असतो.

दुखणं 48 आहे. प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी, म्हणजे 40 च्या आसपास बसायला हवा. स्पेसर 8 मिमीने लांब केलात तर गाडी साधारण तेवढीच वर येईल. तेल काढावं लागणार नाही, फक्त टोप्या उघडायच्या. कापताना टोकं काटकोनात हवीत, आणि स्पेसर व स्प्रिंगच्या मधलं वॉशर विसरू नका. स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त फोर्क वरून सुरू होतो, हे लक्षात असू द्या.

मग एक मोजमाप आणखी घ्या: गाडी एकटी उभी, वर कुणी नाही, पुढून किती बसते. 15 मिमीच्या आत आली आणि तुम्ही बसल्यावर मात्र 40 च्या वर जात असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ पडते आणि पुढचा खर्च स्प्रिंगवरच करावा. 20–25 मध्ये आली तर पाना ठेवून द्या आणि गाडी चालवा.